१८-५५ कॅमेऱ्यावरच राहू द्या

"अक्का, कॅमेरा घेतला, आता लेन्स कुठली घेऊ?" खानापूर, बेळगाव, निपाणीकडची पोरं-पोरी मला हे सारखं विचारतात. कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेली १८-५५ त्यांच्या हातातच असते, पण ही लेन्स तात्पुरती आहे, कामाची नाही, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं. मी बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा अशी घरगुती कार्यं करते आणि वडगाव-शहापूरच्या विणकरांसाठी साड्यांचे फोटो काढते. या कामातला मोठा वाटा आजही त्याच किट लेन्सवर होतो. त्यामुळे माझं उत्तर एकच असतं: वर्षभर हिच्यावर हात बसव, मग काय कमी पडतंय ते तुझं तुलाच कळेल. ते वर्ष कसं वापरायचं, ते इथं सविस्तर लिहिते.

रिंगवरचे आकडे

लेन्सच्या तोंडाशी दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: १८-५५ मिमी आणि १:३.५-५.६. पहिली दृश्य किती मावेल ते सांगते. १८ला खोली मावते, ५५ला चेहरा. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो, निकॉनमध्ये दीड पटीनं आणि कॅननमध्ये १.६ पटीनं. म्हणून फिल्मच्या हिशेबात हीच लेन्स निकॉनवर २७ ते ८२ आणि कॅननवर २९ ते ८८ मिमीचं काम करते. पूर्वी २८, ५० आणि ८५ अशा तीन लेन्सा बॅगेत लागायच्या, तेवढा पल्ला आता दोनशे ग्रॅमच्या आसपास वजनाच्या एका नळीत येतो. कॅननची पहिली १८-५५ २००३ साली ३००डी कॅमेऱ्याबरोबर आली. तेव्हापासून नवनवीन आवृत्त्या निघत गेल्या, आणि हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय पुढे तिच्यात आली. कॅननवर तिला आयएस म्हणतात, निकॉनवर व्हीआर.

दुसरी गोष्ट अपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची. आकडा मोठा तितकं भोक लहान; पुढं हे आकडे एफ/३.५, एफ/५.६ असे लिहिलेत. झूमची रिंग १८वरून ५५कडे नेली की सगळ्यात मोठं उघडणारं अपर्चर ३.५वरून ५.६वर उतरतं आणि सेन्सरवर पडणारा उजेड निम्म्याहून कमी होतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर या लेन्सबद्दलच्या निम्म्या तक्रारी संपतात. अंधाऱ्या खोलीत झूम करू नका. रिंग १८ ते २४च्या मध्ये ठेवा आणि दोन पावलं पुढं जा.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतला असेल तर तुमच्या लेन्सवर १६-५० किंवा १८-४५ असेल आणि दुसरा आकडा ५.६ऐवजी ६.३ असू शकेल. पुढचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू आहे, फक्त उजेडाची काळजी थोडी जास्त घ्यायची.

चार थांबे

झूम लेन्सची सवय अशी लागते की माणूस जागेवर उभा राहतो आणि रिंग फिरवून चौकट भरतो. ही सवय आधी मोडा. १८, २४, ३५ आणि ५५ हे आकडे रिंगवर असतात, त्या चार थांब्यांची डोळ्याला ओळख करून घ्या. चिकटपट्टीचा एक तुकडा लावून रिंग ३५वर बांधून टाका आणि आठवडाभर तशीच ठेवा. पुढच्या आठवड्यात २४, मग ५५, शेवटी १८. ३५पासून सुरुवात करा म्हणते कारण ३५ला दिसणारं दृश्य आपल्या नेहमीच्या बघण्याच्या जवळचं असतं. खडेबाजारात सकाळी दुकानं उघडताना, गणपत गल्लीत भाजी-फुलांच्या पाट्या लागताना ३५वर चालत फिरा. किती अंतरावर उभं राहिलं की माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो, किती जवळ गेलं की फक्त कमरेपर्यंत येतो, हे पायांना कळलं पाहिजे.

चेहऱ्याची ठेवण, नाक मोठं दिसणं, मागचं देऊळ जवळ आल्यासारखं वाटणं, हे सगळं तुम्ही किती अंतरावर उभे आहात त्यावर ठरतं. १८वर माणसाच्या अगदी जवळ गेलात तर नाक पुढं येतं आणि कान मागं पडतात. पाच-सहा फुटांवरून ५५वर काढला तर तोच चेहरा ओळखीचा दिसतो. म्हणून आधी अंतर ठरवा, मग त्या अंतराला चौकट बसेल असा थांबा निवडा. हा क्रम उलटा झाला की फोटो बिघडतो, मग लेन्स लाखाची असली तरी.

घरातलं कार्य

आमच्याकडची जुनी घरं तुम्हाला माहीत आहेत. पुढं कट्टा, आत सोपा, त्याच्या आत माजघर, आणि पाळणा टांगलेला असतो तो नेमका सगळ्यात कमी उजेडाच्या खोलीत. त्यात तीस बायका. मागं सरकायला भिंत आडवी येते. अशा ठिकाणी १८ मिमी लागतेच. ५० मिमीची लेन्स घेऊन आलेला फोटोग्राफर त्या खोलीत दारातच अडकतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

१८वर काम करताना दोन नियम पाळा. पहिला, माणसाचा चेहरा चौकटीच्या कडेला येऊ देऊ नका. कडेची माणसं आडवी ताणली जातात, आणि फोटो बघताना ती काकू सगळ्यात आधी स्वतःचाच चेहरा शोधणार असते. कडेला पडदा, पाळण्याची दोरी, रांगोळी येऊ द्या. दुसरा, कॅमेरा सरळ धरा. १८वर कॅमेरा थोडा जरी खाली किंवा वर झुकला तरी दाराच्या चौकटी आणि खांब तिरके पडतात. सरळ धरूनही चौकटी किंचित फुगल्यासारख्या दिसतील. तो या लेन्सचा स्वभाव आहे, कॅमेऱ्याच्या मेनूत किंवा संगणकावर एका क्लिकनं सुधारतो. २४वर गेलं की तो बराच कमी होतो.

सगळ्या बायकांचा एकत्र फोटो घ्यायचा तर २४वर या, अपर्चर एफ/५.६ ठेवा आणि पहिल्या रांगेतल्या, साधारण दहा फुटांवरच्या बाईच्या डोळ्यावर फोकस करा. साडेसहा फुटांपासून वीस फुटांपर्यंतचं सगळं स्वच्छ येतं, म्हणजे तीन रांगा असल्या तरी मागची आजी धूसर होत नाही. मोठ्या अपर्चरच्या लेन्सवर नवशिक्यांचे ग्रुप फोटो जिथं फसतात ते इथंच.

खिडकीचा उजेड असेल तर १८, एफ/३.५, शटर १/१२५ (सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग उघडं) आणि आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो तो आकडा) १६००वर बाळाचे फोटो निघतात. आयएसओ ३२०० करायला घाबरू नका. दाणेदार फोटो छापला की बरा दिसतो, हललेला फोटो कसाही छापला तरी हललेलाच राहतो. आयएस किंवा व्हीआर तुमच्या हाताची थरथर सांभाळतो, समोरचं बाळ हात हलवत असेल तर त्याचं तो काहीही करू शकत नाही. बसलेल्या माणसांना १/६० पुरतं, खेळणाऱ्या पोरांना १/२५० लागतंच.

लेन्सवर खर्च करण्याआधी मी बाहेरचा फ्लॅश घ्यायला सांगते. स्लॅबच्या घरात फ्लॅशचं तोंड पांढऱ्या छताकडं करा, उजेड मऊ होऊन खाली येतो आणि मग एफ/५.६ आड येत नाही. कौलारू घरात वर काळं लाकूड आणि कौलं असतात, तिथून उजेड परत येत नाही. तिथं बाजूची चुन्याची भिंत शोधा आणि तोंड तिकडं वळवा. भिंत निळी किंवा हिरवी रंगवलेली असेल तर मात्र सगळ्या बायकांचे चेहरे त्याच रंगाचे होतील, त्यापेक्षा मदतीला एखाद्या पोराला बोलावून पांढरी चादर धरायला सांगा.

मागचं धूसर करायचंय?

सगळ्यांना हेच हवं असतं, आणि किट लेन्सवर ते होत नाही असं सांगितलं जातं. होतं. रिंग पूर्ण ५५वर, अपर्चर एफ/५.६, माणूस तुमच्यापासून पाच फुटांवर, आणि माणसाच्या मागं जेवढी मोकळी जागा मिळेल तेवढी. या मांडणीत स्वच्छ दिसणारा पट्टा पंधरा-सोळा सेंटिमीटरचा असतो. नाकापासून कानापर्यंत सगळं त्यात बसतं आणि मागचं विरघळतं. त्याच जागेवरून १८ आणि एफ/३.५वर काढला तर लांबच्या मागच्या दृश्याची धूसरता साधारण सहाव्या हिश्शावर येते. म्हणजे इथं ३.५ या आकड्याच्या मागं लागायचं नाही, ५५च्या मागं लागायचं.

आजीला सोप्याच्या दारात, अंगणाकडं तोंड करून बसवा. उजेड तिच्या तोंडावर येईल आणि मागचा सोपा काळोखात जाईल. भिंतीला टेकवून बसवलं तर जगातली कुठलीही लेन्स भिंत धूसर करू शकणार नाही. उसाच्या किंवा तंबाखूच्या शेतात माणूस उभा करायचा तर पिकाला चिकटून उभा करू नका, बांधावर पुढं आणा आणि पीक वीस-तीस फूट मागं राहू द्या.

जवळ जा, अजून जवळ जा

या लेन्सचा सगळ्यात मोठा गुण कुणी सांगत नाही, म्हणून मी त्यावर जास्त लिहिणार आहे. १८-५५च्या अलीकडच्या बहुतेक आवृत्त्या २५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतात. हे अंतर लेन्सच्या काचेपासून मोजायचं नसतं, सेन्सरपासून मोजायचं असतं. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला एका गोलातून गेलेली आडवी रेघ कोरलेली दिसेल, तिथं सेन्सर आहे. म्हणजे काचेपासून वस्तू एका वितीच्याही आत येते. ५५वर इतकं जवळ गेलं की साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंदीची जागा पूर्ण चौकट भरते. स्वस्त ५० मिमी एफ/१.८ लेन्सा इतक्या जवळ जाऊ शकत नाहीत.

साडीचा काठ, पदरावरची बुट्टी, मंगळसूत्राची वाटी, बाळाच्या मनगटावरचं काळं, भाताची लोंबी, हे सगळं या एका गुणानं जमतं. वडगावातल्या एका मावशींच्या मागावर काम करताना त्या म्हणाल्या होत्या, "आणि किती जवळ येतीस गं बाई, साडीवर बसतीस की काय!" पण काठाची वीण दाखवायची तर तेवढं जवळ जावंच लागतं, कारण गिऱ्हाईक फोनवर फोटो मोठा करून धागा बघतं.

साडीचा काठ काढायची माझी रीत अशी. साडी खिडकीजवळ पाटावर किंवा टेबलावर सपाट पसरायची, एकही चुणी नको. खिडकी एका बाजूला आली पाहिजे, समोर नको. उजेड आडवा आला की उभे-आडवे धागे उठून दिसतात, समोरून आला की कापड सपाट कागदासारखं दिसतं. ट्यूबलाइट आणि बल्ब बंद करा, दोन रंगांचे उजेड एकत्र आले की मोरपंखी रंग कधीच खरा येत नाही. पांढऱ्या कागदावर एक फोटो घेऊन व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच यावं म्हणून करायची रंगांची जुळणी) तिथून ठरवा, मग सगळ्या साड्या त्याच सेटिंगवर. कॅमेरा ट्रायपॉडवर, कापडाला अगदी समांतर. हे समांतर असणं फार महत्त्वाचं, कारण एवढ्या जवळून एफ/८वरसुद्धा स्वच्छ पट्टा साडेतीन मिलिमीटरच्या आसपासच असतो. कॅमेरा जरा तिरका झाला की काठाची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी धूसर. शटर दाबताना हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. बारीक विणीवर कधी कधी कापडात नसलेले लाटांसारखे पट्टे दिसतात, तेव्हा कॅमेरा दोन-तीन सेंटिमीटर पुढं-मागं करा, ते जातात.

माग चालू असतानाचा फोटो हवा असेल तर जवळचं काम सोडा आणि २४वर या. शटर १/३० ठेवलं तर धोट्याची धाव पुसटशी उमटते आणि विणकराचा चेहरा, त्यानं मान स्थिर ठेवली तर, स्वच्छ येतो. इथं आयएस आणि व्हीआर खरंच उपयोगी पडतात. यंत्रमागाच्या शेडमध्ये जमीन हादरत असते, तिथं ट्रायपॉडही हादरतो. हातात धरलेला कॅमेरा बरा.

मांडे करतानाचे फोटो ज्यांना काढायचे असतील त्यांच्यासाठी एवढंच सांगते: पालथ्या घातलेल्या तापलेल्या भांड्यावर मांडा पडण्याआधी तो दोन्ही हातांवर फिरवून रुमालासारखा मोठा केला जातो, तो क्षण १/५००वर धरा. २४ मिमी, आचेच्या समोर नको, बाजूला उभं राहायचं. पातळ मांड्यातून मागचा उजेड दिसला पाहिजे.

देवळं, किल्ले, पाणी

बाहेर पडलात की अपर्चर एफ/८वर ठेवा. बहुतेक किट लेन्सा एफ/८च्या आसपास कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळ्यात स्वच्छ असतात. एफ/२२वर सगळं स्वच्छ येईल असं वाटतं, पण इतक्या लहान भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि पूर्ण चित्रच मऊ पडतं. एफ/११च्या पुढं जायची गरज क्वचितच लागते.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर तटाचा दगडही स्वच्छ हवा आणि खाली पसरलेली शेतंही, तर १८ मिमी, एफ/८ ठेवून सात फुटांवरच्या एखाद्या दगडावर फोकस करा. साडेतीन फुटांपासून क्षितिजापर्यंत सगळं पट्ट्यात येतं. किट लेन्सवर अंतराची मोजपट्टी नसते, म्हणून सात फूट पावलांनी मोजायचे, तिथल्या दगडावर ऑटोफोकस करायचा आणि मग मॅन्युअलवर टाकून फोकसच्या रिंगला हात लावायचा नाही.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती ही १८-५५साठी सगळ्यात चांगली शाळा आहे. रट्ट राजघराण्याच्या काळातलं, १२०४ सालचं हे जैन मंदिर. मंडपाच्या छतात दगडात कोरलेलं ७२ पाकळ्यांचं कमळ आहे आणि नवशिके ते मान वर करून, हात उंचावून काढतात, त्यामुळे कमळ तिरकं येतं. तिथल्या माणसांना विचारा, चपला बाहेर ठेवा, गर्दी नसताना जा. रुमालाची घडी कमळाच्या बरोबर मध्याखाली जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा उताणा, लेन्स छताकडं. १८ मिमी, एफ/८, आयएसओ १००, फोकस आधी छतावर करून मॅन्युअलवर, टायमर दहा सेकंद, आणि तुम्ही चौकटीच्या बाहेर. शटर एक-दोन सेकंदांचं पडलं तरी चालतं, कॅमेरा जमिनीवर आहे, हलणार कुठून? जड लेन्स असती तर कॅमेरा असा निवांत उताणा राहिला नसता. एक फोटो बघून मध्य कुठं सरकलाय ते पाहा, बोटभर हलवा, पुन्हा घ्या. त्यानंतर ५५वर येऊन खांबांकडं वळा. त्या काळ्या दगडाला घोटून आणलेली चकाकी बाजूनं येणाऱ्या उजेडातच दिसते, फ्लॅशनं ती मरते. हलशीच्या कदंबकालीन देवळातही हीच रीत चालते. आतून बाहेर येताना उजेड कितीतरी पटींनी वाढतो, तेव्हा आयएसओ परत खाली आणायला विसरू नका.

गोकाकचा धबधबा घटप्रभेचा, उंची ५२ मीटरच्या आसपास. पावसाळ्यात पाणी तांबूस असतं आणि तुषार लांबवर उडतात. पाण्याचं वजन दाखवायचं तर १/१०००, आणि दुधासारखं सलग हवं असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आसपास. दिवसा एवढं लांब शटर मिळत नाही, त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागतो किंवा सूर्य मावळायची वाट बघावी लागते. फिल्टर घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवर ५२, ५५ किंवा ५८ असा आकडा गोल चिन्हाशेजारी असतो तो बघून घ्या. जुन्या आवृत्त्यांत फोकस करताना लेन्सचं तोंड फिरतं. तुमचं फिरत असेल तर पोलरायझर हा फिरवून जुळवायचा फिल्टर फोकस झाल्यावरच जुळवा. पोलरायझर ओल्या खडकांवरची चकाकी मारतो, भाताच्या खाचरातल्या पाण्याचीही.

धावपळ आणि रात्र

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या असतील तर दुपारी लवकर जाऊन रिंगणाच्या अगदी कडेला बसा, सूर्य पाठीशी येईल असे. ५५ला लांबचं काही मिळणार नाही, त्याच्या मागं लागू नका. पूर्ण उन्हात एफ/५.६, १/८००, आयएसओ १०० पुरतो, ऊन कललं की आयएसओ ४०० करा. डाव पडतो तो क्षण १/५०० किंवा जास्त वेगानंच मिळतो. पैलवान तुमच्या बाजूला येईपर्यंत थांबायचं आणि मध्ये ३५वर येऊन मागची गर्दी आणि हलगीवाले घ्यायचे. लांब लेन्सवाल्यांकडं डाव असतो, पण आखाडा नसतो.

शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, तिथं उजेड चित्ररथावरच असतो. १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२००, शटर १/६० ते १/१२५. कॅमेऱ्याला ठरवू दिलं तर आजूबाजूचा अंधार बघून तो चित्ररथ पांढराफटक करतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एकानं उणे करा. फ्लॅश बंद. रथावरचे कलाकार पुतळ्यासारखे स्थिर उभे असतात, त्यांच्या त्या मुद्रेसाठी थांबा. गर्दीत पुढं सरकताना लेन्सवर हुड (तोंडाभोवतीचं कडं) असू द्या, कोपर लागलं तर काचेऐवजी हुडला लागतं. किट लेन्सबरोबर हुड बहुतेक येत नाही, वेगळा घ्या, महाग नसतो.

भंडारा आणि पाऊस

सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर, चिंचलीची मायाक्का, इथं भंडारा उधळला जातो आणि तो पिठापेक्षा बारीक असतो. किट लेन्सच्या रिंगांना धूळरोधक पट्ट्या नसतात. पातळ प्लास्टिकची पिशवी घ्या, तिला लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडा, पिशवी हुडावर रबरबँडनं बांधा आणि कॅमेरा आत. पुढं साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सची काच राखणारी पारदर्शक काच, असू द्या. तिथं लेन्स अजिबात बदलू नका. १८पासून ५५पर्यंत सगळं एकाच लेन्समध्ये असण्याचा खरा फायदा अशा जागी कळतो, सेन्सर उघडाच पडत नाही. घरी आल्यावर आधी रबरी फुंकणीनं उडवा, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी कापड. भंडारा कोरडा असताना कापड घासलं तर तो काचेवर ओढला जातो, आणि ओलं केलं तर हळदीचा डाग धरतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस माहीतच आहे. चार महिने भिंतींना ओल येते आणि कॅमेरा कपाटात पडून राहिला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढ्यानं भागतं. जेलचा रंग बदलला की तो वाळवा किंवा नवा टाका, स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र गरम करू नका. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत लेन्स ठेवून पावसाळा काढू नका, ती पिशवीच ओल धरते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कॅमेरा आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरणं.

जुनी किट लेन्स विकत घेत असाल तर दोन्ही टोकांची झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं लावा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. बुरशीचे तंतू लगेच दिसतात. धुळीचे चार कण दिसले तर चालतं. झूमची रिंग मध्ये कुठं अडकत असेल तर घेऊ नका.

दुसरी लेन्स कधी

वर्षभर वापरून झालं की संगणकावर तुमचे आवडलेले फोटोच तेवढे काढा आणि प्रत्येकाची माहिती बघा. किती मिमीवर काढला, आयएसओ किती होता, हे फोटोतच नोंदलेलं असतं. बहुतेक ५५वर आहेत आणि तुम्हाला अजून पुढं जायचं होतं, भीमगडच्या बाजूचे पक्षी किंवा रिंगणाच्या पलीकडची कुस्ती तुम्हाला बोलावतेय, तर ५५-२५० किंवा ७०-३०० घ्या. बहुतेक १८वर आहेत आणि पाठ भिंतीला लागत होती, तर १०-१८सारखी रुंद लेन्स. आणि सतत आयएसओ ६४००वर काम चाललंय, रात्रीचं भजन-कीर्तन, मंगल कार्यालयाचा मिणमिणता उजेड, तर एफ/१.८ची एक लेन्स घ्याच.

ती घेताना सगळे ५० मिमी सांगतात कारण ती स्वस्त आहे. पण आपल्या लहान सेन्सरवर ५० मिमी म्हणजे ७५ ते ८० मिमीचं काम, आणि गल्लीतल्या घरात तेवढं मागं सरकायला जागाच नसते. तुम्ही घरगुती कार्यं करणार असाल तर ३५ मिमी बघा. ठरत नसेल तर चिकटपट्टी पुन्हा काढा, एका कार्याला किट लेन्स ५०वर बांधून जा आणि दुसऱ्याला ३५वर. जिथं पाय अडखळणार नाहीत ती घ्या. बेळगावात लेन्सा भाड्यानंही मिळतात, पैसे मोजण्याआधी एका साखरपुड्याला नेऊन बघा, आणि त्या दिवशीही १८-५५ बॅगेत असू द्या, ग्रुप फोटोसाठी तीच लागेल.